अकरा वर्षं आणि तीन खाडे

मुक्काम मुरगूड, बाजाराचा दिवस

आमचे जात्यावरचे भाऊ आकाराम, मुक्काम कळंबा, यांस मौलाली नालबंदाचा सलाम आणि रामराम, दोन्ही (एक वाटेत सांडला तर दुसरा पोचावा). तानाबाई वहिनींचा गुडघा कसा हाय? निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला होता. शेकला, का चुलीत घातला? पत्र वाचणाऱ्या जोतीराम मास्तरांनाही सलाम. मास्तर, आकाराम मधेमधे बोलंल. बोलू द्या, पण ओळ सोडू नका.

आकाराम, उभा असशील तर आधी बस. माझी हजेरी सुटली! दरबारचा हुकूम आला, शिक्क्यासकट! रोज दिवस मावळताना चावडीवर जाऊन "हजर" म्हणायचं बंद. परगावी जायला पाटलाची चिठ्ठी नको. आणि मुख्य म्हणजे माझी साक्ष आता कचेरीत चालणार, मला कुणाला जामीन राहता येणार. चोरीच्या घोड्याला नाल ठोकले (घोड्याच्या कपाळावर काय लिहिलं होतं, चोरीचा म्हणून?), त्यापायी तुझ्यासंगं वर्षभर तुरुंगातलं जातं ओढलं, ते एक परवडलं. पण सुटून आल्यावर अकरा वर्षं शेजारच्या कोंबडीनं माझ्या डोळ्यांदेखत अंडं घातलं तरी ते मी सांगून चालत नव्हतं. दुसरा माणूस बोलवावा लागायचा!

हे झालं कसं ते ऐक. मी अर्ज केला होता, त्याच्या चौकशीला दरबारचे साहेब आले. चावडी भरली. साहेब म्हणाले, याच्या चालीची खात्री देणारी दोन अब्रूदार माणसं द्या. आमचे बाळासो पाटील मिशीवर हात फिरवून म्हणाले, "असल्या माणसाची खात्री कोण देणार, सरकार?" अब्रूदार माणसं सगळी जोड्यांकडं बघायला लागली (आपापल्या जोड्यांकडं बघायची एवढी हौस मी गावात कधी बघितली नव्हती). तेवढ्यात साहेबांनी हजेरीची वही मागवली. पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि उलटतच राहिले. अकरा वर्षं, आकाराम! पुराच्या दिवशी हजर, ताप होता तेव्हा हजर, धाकट्या पोराच्या, मेहमुदाच्या निकाहादिवशी मांडवातनं उठून हजर. एक खाडा नाही. साहेबांनी पाटलांना विचारलं, "पाटील, गेल्या शिमग्याच्या संध्याकाळी तुम्ही कुठं होता, आहे का कुठं लिहिलेलं?" पाटलांची मान खाली गेली आणि भिंतीआड उभ्या पाटलीणबाईंचे कान वर आले. साहेब म्हणाले, या गावात ज्याची चाल कागदावर सिद्ध होते असा हा एकच इसम. झालं! ज्या वहीनं मला अकरा वर्षं बांधलं, तिनंच दावं सोडलं.

हुकूम घेऊन शिपाई आला तर मी कागद उलटा धरून वाचायला लागलो. तो हसला, म्हणाला, "म्हातारबा, वाचता येत न्हाय तर सोंग कशाला?" त्याला काय ठाऊक! कुळकर्णी वही स्वतःकडं करून लिहिणार, मी समोर उभा. माझं नाव आणि त्याच्यापुढचं "हजर", हा माझा पहिला धडा; पुढं त्याच वहीतल्या बाकीच्या नोंदी बघत सगळी अक्षरं शिकलो, तीही उलटी. मग उलटाच हुकूम घडाघडा वाचून दाखवला. त्याचा फेटा ढिला झाला. (हे पत्रही सरळ लिहितोय खरं, पण तपासायला कागद फिरवावा लागतोय.)

बाकी सगळं ठीक. वहिनींना सांग, पाला शेकायचाच असतो.

तुझा जातेभाऊ,
मौलाली

ता. क. तुझीबी हजेरी सुटावी म्हणून सोबत तुझ्या नावाचा अर्ज लिहून धाडलाय. खाली अंगठा तेवढा उठव. जामीन म्हणून माझी सही केलीय, जन्मातली पहिली. जरा वाकडी आलीय, आनंदानं हललो.

दुसरा ता. क. मास्तर, दार लोटून घ्या आणि हे हळू वाचा. आकाराम, तुझा मागला अर्ज तीन खाड्यांपायी फेटाळला. कुठं होतास विचारल्यावर तू सांगितलंस, दारू पिऊन पडलो होतो. जन्मात ताकाच्या पुढं न गेलेला माणूस तू! माझी घरवाली लालबी वारल्याचं ऐकून बिनचिठ्ठीचा चालत मुरगुडाला आलास. एक दिवस यायला, एक जायला आणि मधला एक माझ्या घरात. चूल थंड बघून जात्यावर बसलास आणि एकट्यानं पायलीभर जोंधळं दळलंस. हजेरीच्या माणसाला बिनचिठ्ठीचं घरात घेतलं म्हणून मला पुन्हा आत टाकतील, यासाठी तोंड मिटलंस ते अजून मिटलेलंच. आता माझी साक्ष चालते. ते तीन दिवस मला कचेरीत सांगू दे. फक्त व्हय म्हण. अर्ज त्यासाठीच हाय, पत्रही त्यासाठीच.

तिसरा ता. क. आणि माझी काळजी करू नको. घरात घेतलं म्हणून फार तर माझी हजेरी पुन्हा लावतील. पाय तसेही रोज दिवस मावळताना चावडीवर जातातच. कुळकर्णी ओरडतात, "चाचा, नाव खोडलंय, घरी जावा की!" हे पत्र चावडीवर बसून त्यांच्याच दौतीतनं लिहितोय.