डावी तबकडी माझी

३ मार्च, सोमवार
आमच्या फर्निचर कंपनीच्या मॅडमनी आज सांगून टाकलं. महिनाअखेरीला नकाशा विभागात एकच माणूस राहणार. दुसरा तळघरातल्या गोदामात, फळ्या मोजायला. विभागात माणसं दोन. एक मी. दुसरा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. याला इथे चिकटवला कोणी? मी. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.
गोदामाला खिडकी नाही. मी तिथे जाणार नाही.
स्वयंपाकघरातल्या कपाटांची माझी चित्रं वेळेत होत नाहीत, हे मान्य. दोष कॉम्प्युटरचा. मेहुण्याचा कॉम्प्युटरही तेवढाच जुना आहे, पण तो मुद्दा वेगळा.

४ मार्च
शस्त्र सापडलं. एक छोटंसं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटर किती राबतो, किती तापतो, आतला पंखा किती फिरतो, सगळं तबकडीवर दाखवतं. ओपन सोर्स आहे. म्हणजे फुकट, आणि आतली सगळी रचना कुणीही उघडून बघावी. मी उघडली. लगेच मिटली. फुकट ते पौष्टिक.
संकल्प: आजपासून तोंडाने बोलायचं नाही, पुराव्याने बोलायचं.

६ मार्च
मेहुणा जेवायला गेल्यावर त्याच्या कॉम्प्युटरवरही तेच बसवलं. ही हेरगिरी नव्हे, देखरेख. त्याचा पासवर्ड माझ्या बायकोचं नाव. (माझा, माझं स्वतःचं.)
आता माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दोघांच्या दोन तबकड्या. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी नावं आहेत. चष्मा घरी. गरजही नाही. मी डावीकडे बसतो, तो उजवीकडे. डावी माझी, उजवी त्याची.

१० मार्च
डावी लालभडक! नव्वद अंश! उजवी थंडगार. मेहुणा दिवसभर कीबोर्ड बडवतो ते निव्वळ नाटक, हे आज सिद्ध झालं.
माझा कॉम्प्युटर हाताला गार लागतो खरा. आतून तापत असणार. कर्तबगार माणसंही आतल्या आत जळतात.

१२ मार्च
काल पाठ धरली म्हणून रजा. आज कालचा आलेख बघितला. डावी दिवसभर तापलेली! मी घरी, कॉम्प्युटर कामावर. शिस्त लावली की यंत्रालाही लागते.
उजवी काल चक्क बंद. मेहुणा काल ऑफिसला आला होता म्हणे. आला असेल. कॉम्प्युटर सुरू करायचे कष्ट कोण घेणार?

१४ मार्च
बायकोला पुरावा तोंडी सांगितला. ती म्हणाली की तिचा भाऊ संध्याकाळी डोळे लाल करून घरी येतो. मी म्हटलं, झोपून उठल्यावरही डोळे लाल होतात. त्यावर म्हणाली, "तबकडीकडे बघता तेवढ्या वेळात एखादं कपाट काढलंत तर?"
माहेरच्या माणसाचा पुळका. जेवताना तिच्याशी एक अक्षर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

१७ मार्च
चोर सापडला. उजवी तबकडी रोज जेवणानंतर उसळी मारते. अशी उसळी कशाने येते हे मला पक्कं ठाऊक, कारण त्या वेळी मी स्वतः मॅच बघत असतो. म्हणजे हा ऑफिसात मॅच बघतो! लाज नाही.
हे टिपून घ्यायला मी मॅच बंद केली. उजवी लगेच खाली. माझ्यावर पाळत ठेवतो. नीच.
संकल्प: उद्यापासून दोन कपाटं जास्त.

१८ मार्च
पाळतीमुळे मन लागलं नाही. कपाट एकही नाही.

२० मार्च
सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींना खरमरीत पत्र. तबकडीवरून कामचुकार माणूस आपोआप वरिष्ठांना का कळत नाही? उत्तर आलं, फार गोड. आधी कुठल्या तबकडीखाली कुठल्या कॉम्प्युटरचं नाव आहे ते एकदा वाचून घ्या, बऱ्याच जणांची गल्लत होते.
मी कुठे बसतो हे आता हे मला शिकवणार. सॉफ्टवेअर फुकट म्हणून अक्कलही फुकट वाटायची का? उत्तर दिलं नाही.

२४ मार्च
मेहुणा दाढ काढायला गेलाय. आणि आज नेमकी माझी डावी मेलेली! काटा हलत नाही. जाताना माझ्या कॉम्प्युटरला काहीतरी करून गेला. निषेध म्हणून दिवसभर कामाला हात लावला नाही.

२८ मार्च, शुक्रवार
मॅडमना लेखी अर्ज. ज्याची तबकडी गार, तो गोदामात. नात्यागोत्याचा विचार करू नये. दयामाया नको.
मॅडमनी मेहुण्याला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, भाऊजींना इथंच राहू द्या. मला गोदाम चालेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, मला इथे तुम्हीच आणलंत. तो अर्ज तेवढा मागे घ्या."
चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मॅडमनी मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हटलं. सोमवारी सिस्टिमवाला तबकड्या तपासणार.

३१ मार्च
सिस्टिमवाल्याने स्क्रीनला नाक लावून तबकड्यांखालची नावं वाचली. डावी मेहुण्याची. उजवी माझी. म्हणे सॉफ्टवेअर नावं त्याच्या क्रमाने लावतं, खुर्च्या बघून नाही. मी म्हटलं, मग सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे.
मग आलेखांतून माझ्या रजेचा दिवस निघाला. दाढेचा निघाला. मॅचही निघाली.
मेहुणा पुन्हा माझ्यासाठी बोलायला लागला. मॅडमनी माझाच अर्ज त्याच्या हातात ठेवला. त्याने वाचला आणि घडी घालून परत दिला.

१ एप्रिल
गोदाम. तात्पुरतं. इथे माझ्यासारख्या माणसाची गरज होतीच.
दुपारी मेहुणा खाली आला. बायकोने त्याच्याकडे माझा चष्मा पाठवला होता. फळ्या धरू लागू का म्हणाला. मी नको म्हटलं. तरी अर्धा तास धरल्या.
तो गेल्यावर गोदामवाला म्हणाला की मोजायच्या राशी दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे, तुमची कुठली ते पाटीवर लिहिलंय.
मी चष्मा लावला आणि पाटी वाचली. उजवीकडची. मोठी तीच होती.