हलवलेली एक ओळ

सोम. २ मार्च ९८, जळगाव
सूतगिरणीच्या फोरमन नानांचा धुळ्याहून फोन. "ताई, बठ्ठं गयं ना!" सगळं गेलं म्हणे. वीज गेली, यूपीएसनं आमच्या प्रोग्रामला सिग्नल दिला, बॅटरी आहे तोवर पाळीच्या नोंदी जपून ठेव म्हणून. तर प्रोग्राम जागीच मेला. कोणत्या मशीनवर किती सूत निघालं, काही उरलं नाही. आमचे साहेब माझ्यावर भडकले, प्रोग्रामच्या फाइलीच्या माथ्यावर नाव माझं ना! तो धुळ्याला बसवून आला माझ्याबरोबर काम करणारा प्रकाश. शेजारच्याच टेबलावर मान खाली घालून टाइप करत राहिला.

मंगळ. ३
डोकं फिरलंय. प्रोग्राम एक, आत चार थ्रेड, एका घरातल्या चार माणसांसारखे आपापल्या कामात. सिग्नल येतो घराच्या नावानं. ज्यानं तो अडवला नसेल अशा कोणाच्याही हाती कर्नल, म्हणजे संगणकाच्या सिस्टीमचा गाभा, तो देतो. म्हणून मी आधी सिग्नल अडवते, मगच थ्रेड सुरू करते. ती बंदी नव्या थ्रेडांना आपोआप लागते. अडवलेला सिग्नल मागून घ्यायला एकच थ्रेड वाट बघत बसतो, तोच नोंदी वाचवतो. प्रकाशला हे वहीत चित्र काढून समजावलं होतं. मग झालं कसं?

बुध. ४, धुळे
सापडलं. तिथल्या फाइलीत अडवायची ओळ थ्रेड सुरू केल्याच्या खाली! बंदी फक्त पहिल्याला, बाकीचे उघडे. सिग्नल नेमका डिस्कवर लिहीत असलेल्याला मिळाला, त्याला काय करायचं ठाऊक नाही, कर्नलनं सगळा प्रोग्रामच संपवला. कधी योग्य थ्रेडला मिळतही असेल, म्हणून चाचणीत निभावलं. फाइल बदलल्याची तारीख आधी वहीत उतरवली: प्र. एकटा आला होता तो दिवस.
ओळ वर नेली. नानांना मेन स्विच पाडायला लावला, पुन्हापुन्हा. नोंदी शाबूत. नानांनी चहा पाजला.

गुरु. ५, जळगाव
प्र.ला जिन्यात गाठलं.
"नीटनेटकं करत होतो गं. म्हटलं, खाली-वर काय फरक पडतो."
"मग साहेबांना सांग."
"मला बढतीवर पुण्याला पाठवतायत. आत्ता कसं सांगू? तुझं काय जातंय?"
माझं काय जातंय! मेल्या, कॉलेजपासून आमच्याकडे कळण्याची भाकरी खातोस. आई तुला आधी वाढते. ओरडायचं होतं, रडूच आलं. त्याचा आणखी राग.

शुक्र. ६
साहेबांना सांगितलं, ओळ मी हलवली नाही.
"प्रकाश म्हणतो, तूच फोनवर सांगितलंस हलवायला."
हे त्यानं सांगितलं? त्यानं?
उद्या गिरणीत चूक कबूल केल्याचा कागद द्यायचा, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले.
दोन कागद लिहिले. एकात त्यांना हवं ते. दुसऱ्यात खरं, फाइलीच्या तारखेसकट. बाबांना दोन्ही वाचून दाखवले. म्हणाले, "घर माझ्या पेन्शनवर चालेल. तू ठरव."

शनि. ७, धुळे
सकाळच्या एस.टी.त प्र. शेजारच्या सीटवर रुमाल टाकून बसलेला. "ये, जागा धरलीय." नेहमी धरतो तशी. पारोळ्यापर्यंत दांडी धरून उभी राहिले. मग पाय भरून आले. रुमाल उचलून त्याच्या मांडीवर टाकला नि बसले.
"लिहिलंस ना?"
"लिहिलंय."
हुश्श केलं त्यानं. मला पेरू दिला. घेतला मी, काय करू, हात पुढे गेला.
गिरणीसमोरच्या टपरीवर बसून हे लिहितेय. दोन्ही कागद पर्समध्ये, कुठला द्यायचा ते अजून ठरत नाही. साहेब फाटकातून हाक मारतायत, आणि प्र. त्यांच्या बाजूला उभा राहून हसतोय माझ्याकडे बघून.