गाडी पहिली थांबली ते गाव

१२ जानेवारी, सोमवार
काल दवाखान्यातून घरी आले. मुलगी शुक्रवारी झाली, शेजारच्या दत्ताभाऊंच्या चालत्या जीपमध्ये. पुढच्या आठवड्यात माहेरी लोणावळ्याला जायचं ठरलं होतं, पण हिला घाई. आंदर मावळातून तळेगावच्या दवाखान्यात निघालो आणि नवलाख उंबऱ्याच्या अलीकडेच ही सासूबाईंच्या हातात आली. गाडी पहिली थांबली ती नवलाख उंबऱ्यात. इरफान तिथल्याच कंपनीत पहिल्या पाळीला होता. बाप झाल्याचं त्याला रस्त्यावरच कळलं. मग दवाखाना. दोघी ठणठणीत.

दवाखान्याने मात्र सांगितलं, जन्म आमच्याकडे झालेला नाही, नोंद तुमची तुम्ही करा. बरोबरच आहे त्यांचं.

१५ जानेवारी, गुरुवार
इरफान आपल्या गावच्या ग्रा.पं.त जाऊन आला. तिथं कुणीतरी सल्ला दिला, 'घरीच झाली' असं लिहा, लगेच होऊन जाईल. सासऱ्यांना, आबांना, ते एकदम पटलं. मी नको म्हणाले.

नंतर आबा पाळण्यापाशी येऊन बसले. आवाज न चढवता म्हणाले, "आपल्या लोकांचा कागद सरळ पायजे, पोरी. कुनी दोनदा वाचू न्हाई असा. जीपचं लिवलं की लय प्रश्न येत्यात."

हे ते भांडायला म्हणत नव्हते. उत्तर पोरीला तेल लावताना सुचलं. कुणी दोनदा वाचलाच, गावात विचारायला आलं, तर? जीपची गोष्ट तर साऱ्या खोऱ्याला पाठ आहे.

शिवाय माझी स्वतःची जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. अम्मी म्हणते, तू झालीस तेव्हा थंडी होती. एवढंच माहीत. हिचं तसं होऊ देणार नाही.

२० जानेवारी, मंगळवार
इरफान पाळी सुटल्यावर नवलाख उंबऱ्याच्या ग्रा.पं.त गेला. ग्रामसेवकांनी नियम काढून वाचून दाखवला. चालत्या गाडीत जन्म झाला तर गाडी पहिली थांबेल तिथं नोंद, आणि खबर द्यायची ती गाडी चालवणाऱ्याने. एकवीस दिवसांच्या आत आलात तर सोपं. पुढे विलंब शुल्क, महिना उलटला की वरची परवानगी, प्रतिज्ञापत्र.

म्हणजे ३० तारीख. म्हणजे दत्ताभाऊंची सही. मी इरफानला म्हटलं, मग झालंच समज.

२३ जानेवारी, शुक्रवार
झालं नाही. दत्ताभाऊ टाळतायत. परवा फोन उचलला नाही, काल 'लग्नाची वर्दी आहे, गाडी मोकळी नाही' म्हणाले. आज मीच सासूबाईंना त्यांच्याकडे पाठवलं, तेव्हा आले. उंबऱ्याबाहेरच उभे. चहा घेतला, कप हातात तसाच.

अडचण अशी की त्यांची जीप पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, आणि ते वडाप करतात, माणशी भाडं घेऊन लोकांना नेतात. गाडीचा नंबर सरकारी कागदावर गेला आणि कुणी बघितला तर पोट बंद. खोटं नाही बोलत ते, भीती खरी आहे.

मी विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडून भाडं घेतलं का?"
"न्हाई. कसं घेनार?"
"मग ते वडाप नव्हतं. शेजारी शेजारणीला दवाखान्यात घेऊन गेला. तेवढंच सांगायचं."

विचार करतो म्हणाले. जाताना कप मात्र रिकामा करून गेले.

सासूबाई म्हणतात, सोड आता, आबांचं ऐक. सोडणार नाही. अजून दिवस आहेत.

२७ जानेवारी, मंगळवार
दत्ताभाऊ सकाळी आपणहून जीप घेऊन दारात. सासूबाईंनी अडवलं, चाळीस दिवस व्हायच्या आत बाळंतीण घराबाहेर नको. मी कान बांधले, पोरीला दुपट्यात घेतलं आणि बसले. मग आबाही चपला घालून आले.

ऑफिसात दत्ताभाऊंनी सगळं नीट सांगितलं आणि सही केली. आमची दोघांची आधार दिली. नावाचा रकाना कोरा ठेवला. नाव नंतर घालता येतं. ग्रामसेवक चांगला माणूस. म्हणाले, अर्ज मुदतीत आलाय, काळजी नको. पण अशी नोंद मी पहिल्यांदाच करतोय, तालुक्याला विचारून घेतो. गाडी इथं थांबलेली पाहिलेलं कुणी गावातलं मिळालं तर उत्तम. गुरुवारी या.

बाहेर आलो तर आबा दिसेनात. बघते तर रस्त्यापलीकडे पेरूच्या गाड्यावर एका बाईंशी बोलतायत. मी गेले. आबा विचारत होते, "त्या शुक्कुरवारी हितं जीप थांबल्याली. तुमी पायली का?"

बाई म्हणाल्या, पाहिली म्हणजे काय, रडणं ऐकून धावत गेले, आतल्या म्हातारीला टॉवेल मीच दिला. मला त्या मुळीच आठवत नाहीत. त्या दिवसाचं कितीसं आठवतंय. त्यांनी दुपट्याचं टोक उचलून पोरीला पाहिलं. सही करायला याल का विचारलं, तर म्हणाल्या, मालकांना विचारून सांगते.

आबांनी पेरू घेतले. मग गाड्याजवळ जो येईल त्याला, कुणी न विचारता, पोरीकडे बोट करून सांगत होते, "माजी नात. हितलीच हाय."