यंदाचा सीझन माझा

१८ नोव्हेंबर, सोमवार

"फक्त हे एक वर्ष, रुचिका." मितेश जेवताना म्हणाला. तोंडात बोंबील, नजर ताटात. जसं काही मीठ वाढ म्हणतोय!

भात तसाच ठेवून उठले. इथे लिहितेय, कारण तिथे बोलले असते तर भांडी फुटली असती.

ठरलं होतं ना? लग्नाआधी, किहीमच्या वाळूत बसून ठरलं होतं – एक सीझन तुझा, एक माझा. दोघंही गोल्फवर पोट भरणारे. त्याच्या स्पर्धा आणि माझ्या स्पर्धा नेमक्या त्याच आठवड्यांत, वेगळ्या गावांत. म्हणून एकाने खेळायचं, दुसऱ्याने कॅडी होऊन त्याची बॅग उचलायची. बाहेरचा कॅडी ठेवला तर आपला खेळ त्याला कळेपर्यंत सीझन संपतो. ही कल्पना मितेशचीच. केवढं कौतुक वाटलं होतं मला! असा नवरा शोधून सापडायचा नाही म्हणून मम्मीला सांगत सुटले होते.

गेल्या वर्षी त्याचा झाला. यंदाचा माझा. यात न कळण्यासारखं काय आहे?

२० नोव्हेंबर

त्याचं म्हणणं असं – गेल्या सीझनला तो वरच्या नंबरांत आला, त्यामुळे यंदाचं कार्ड, म्हणजे टूरवरच्या सगळ्या स्पर्धा खेळायचा हक्क, त्याला आपसूक मिळालाय. नाही खेळला तर जाणार. मला मात्र पात्रता फेरी खेळूनच आत शिरावं लागणार. "मग हातातलं कशाला सोडायचं?"

आणि हे हातातलं आलं कुणामुळे? भोकाभोवतीच्या ग्रीनचा एकेक उतार मी वाचला. बॉल भोकात ढकलायचा तो पट कुठल्या रेषेत मारायचा ते वाकून बोटाने मी दाखवलं. वारा मी बघितला, स्टिक मी काढून दिली. इतकंच काय, बॉल गेला कुठे हेसुद्धा मीच बघायचं! साहेब मारणार, तिथेच उभे राहणार आणि विचारणार, "कुठे गेला?" स्वतःच्या बॉलमागे मान फिरवायचेही कष्ट नाहीत! आणि मी दर वेळी खरं सांगितलं. झाडीत असेल तर झाडीत, पाण्यात असेल तर पाण्यात. कॅडीने खोटं बोलू नये, हे बाबांचं वाक्य. बाबा उरणकडे एका गोल्फ कोर्सवर माळी होते. माझ्या हातात पहिली स्टिक त्यांनी दिली, मोडकी, दोरा गुंडाळलेली.

मी इतकी छान कॅडी झाले की माझाच सीझन गेला. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा!

२१ नोव्हेंबर

अबोला. चहा मात्र पितो माझ्याच हातचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंपर्यंत गेलंय. अंगणात सुकत घातलेली जवळा-सुकट हलवत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "उचल की गो बॅग आनखी एक वरीस. मी म्हावऱ्याच्या पाट्या उचलल्या डोक्यावं. मला काय लाज वाटली न्हाय."

"तुमच्या पाट्या तुमच्या होत्या, आई," मी म्हटलं.

"मंग हा नवरा कोनाचा हाय?"

या आवडाबाईंशी बोलण्यात कोळीवाड्यात कुणी जिंकलेलं नाही, मी कशी जिंकणार! पण एक जिभेवर आलं होतं, ते गिळलं. सासऱ्यांचं गावात नाव काय होतं? भित्रा कोळी! दिवस मावळला की होडीवर पाय ठेवायचे नाहीत. बाकीचे रात्रीची जाळी टाकायला जायचे आणि हे घरात. घर ओढलं ते या बाईने, एकटीने. आणि तीच मला शिकवणार नवऱ्याच्या मागे चालायला!

बोलायला हवं होतं. उगाच गिळलं.

२८ नोव्हेंबर

क्लबवर हर्षद सर भेटले. मॅनेजर आहेत, आम्हा दोघांच्या शिकवण्याच्या वेळा तेच लावतात. "मग काय, मितेश यंदा पहिल्या दहात ना? तुम्ही आहातच बरोबर." तुम्ही आहातच! जशी काय मी त्याची छत्री.

मितेशने डबाभर नारिंगी बॉल आणलेत. भडक, लग्नातल्या जिलबीसारखे. "पांढरे खेळून कंटाळा आला, यार." इतकी वर्षं नाही आला तो कंटाळा! मी मुद्दाम सगळ्यांसमोर हसले. तो नाही हसला. जाताना माझ्या बॅगेला अडखळला आणि वर मलाच, "वाटेत कशाला ठेवतेस?" बॅग रोज असते तिथेच होती.

३ डिसेंबर

संध्याकाळी मेंबर गेले की कोर्स आमचा. खरा सराव तेव्हाच होतो. आणि हा? ऊन कललं की "डोकं दुखतंय". बाकावर जाऊन बसतो. असा खेळणार सीझन! मी एकटीच पट मारत राहिले, भोक दिसेनासं होईपर्यंत.

निघताना बाइकची चावी माझ्या हातात. "तू चालव." पूर्वी हात लावू द्यायचा नाही बाइकला. आता मागे बसतो, माझे खांदे घट्ट धरून. लाडीगोडी चाललीय. बायको विरघळेल आणि बॅग उचलेल असं वाटतं त्याला. मी काय साखर आहे?

घरी आल्यावर कोपराने पाण्याचा पेला उडवला. "इथे कशाला ठेवलास?" म्हणे. घरातली प्रत्येक वस्तू मीच चुकीच्या जागी ठेवते!

७ डिसेंबर

किशोरीचा फोन आला. माझ्याबरोबरची खेळाडू, दोन पात्रता फेऱ्या एका खोलीत राहून खेळलोय आम्ही. "नाव देतेयस ना? का यंदापण नवऱ्याची हमाली?" हसत म्हणाली, पण झोंबलं. जानेवारीत फेरी आहे. नाव द्यायला थोडेच दिवस उरलेत.

फोन ठेवल्यावर एकदम आठवलं. पावसाळ्यात तो पनवेलला गेला होता, एकटा. "मित्राकडे." परत आल्यावर दोन दिवस गप्प. आता कळलं – स्पॉन्सर गाठायला गेला असणार. म्हणजे सगळं तेव्हाच ठरवून बसलाय! मी वेडी. इथे माझ्या वर्षाची वाट बघत पावसातसुद्धा गॅलरीत स्विंग करत होते.

११ डिसेंबर, बुधवार

झालं एकदाचं.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता टूरच्या ऑफिसला फोन लाव. माझ्यासमोर. कार्ड सोडतोय म्हणून सांग." वाटलं, भांडेल. सगळी उत्तरं तयार ठेवली होती मी, पाठ केल्यासारखी.

फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला. म्हणाला, "एकदा विचार कर, रुचिका."

"तू केला होतास?"

मग लावला. बोलणं पटकन संपलं. "आता तुझा सीझन," म्हणाला. "मी बॅग उचलतो. ठरलं होतं तसं." आणि अंगणात गेला. जाताना बोंबील टांगायच्या बांबूवर कपाळ आपटलं. मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला लिहू.

जिंकले! नावही देऊन टाकलं. किशोरी फोनवर ओरडलीच. मी बिर्याणी मागवली. त्याने खाल्ली नाही, सासूबाईंनी खाल्ली नाही. मीच खाल्ली, दोन वेळा.

१६ डिसेंबर

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे. घर कसं शांत!

२८ डिसेंबर, शनिवार

आज कडेलोट झाला.

पहाटे बाहेर पडलो, धुकं होतं. मी ड्राइव्ह मारला, बॉल उजवीकडे उंच गवतात गेला. मला स्वच्छ दिसला. हा बॅग घेऊन निघाला डावीकडे! हाक मारली तेव्हा वळला. पुढच्या होलला तसंच. तिसऱ्याला तर चालता चालता सरळ बंकरमध्ये पाय, बॅगेसकट आडवा. सगळ्या स्टिक वाळूत. पुढे ग्रीनवर रेष विचारली तर म्हणतो, "सरळ." सरळ कुठली, आंधळ्यालाही कळेल इतका उतार होता! बॉल घरंगळत घरंगळत खाली.

मी तिथेच पटर फेकला. "मुद्दाम करतोयस तू हे. मी पात्र होऊ नये म्हणून!"

गुडघ्यावरची वाळू झटकत होता. झटकतच राहिला. मग म्हणाला, "होय. मुद्दाम."

इतकं सरळ कबूल केलं! लाजसुद्धा नाही. मी बॅग स्वतः उचलली आणि एकटी क्लबवर परत आले. तो कधी आला, कसा आला, विचारलं नाही.

२९ डिसेंबर

माणूस ओळखायला पाच वर्षं लागली मला. ग्रीन मात्र दुरून वाचते.

३ जानेवारी

किशोरीने तिच्या ओळखीचा कॅडी बघून दिलाय. विनेश नावाचा. मितेशला अजून सांगितलेलं नाही. कळेलच.

५ जानेवारी, रविवार

लिहू का नको, असं झालंय. पण इथे नाही तर कुठे लिहू?

मितेश क्लबवर शिकवायला गेला होता. मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं, "तुमच्या मुलाला घरीच बसू दे. मी दुसरा कॅडी ठरवलाय." त्या कोळंबी सोलत होत्या. हात थांबले.

"त्याला टाकून नको जाऊस गो."

"मला पाडतोय तो, आई! स्वतः म्हणाला, मुद्दाम."

"मुद्दाम कशाला करंल? त्याला दिसंना झालाय."

मला आधी अर्थच लागला नाही. त्या बोलत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. "त्याच्या बापाचाबी असाच झाला व्हता. आधी रात गेली. मंग बाजूचा दिसंना. मंग दिस पन गेला. भित्रा न्हवता तो. लोकांना काय सांगनार? आंधल्याला होडीवं कोन घेल? त्यापरास भित्रा बरा."

"डॉक्टर..."

"पावसात जाऊन आला की पनवेलला. दवा न्हाय म्हनं. मला बोलला, आये, दिसतंय तवर एक वरीस खेळून घेतो. तुला सांगू नको बोलला. मंग तूच फोन लावाया लावलास."

मी ओरडले. "लग्नाआधी का नाही सांगितलंत?"

"तवा त्याला धड दिसत व्हता. आनि भीती सांगितली असती, तं आली असतीस?"

हो म्हणावंसं वाटतं, पण ते खरं आहे की नाही, माहीत नाही.

नारिंगी बॉल. पेला. चावी. "कुठे गेला?" वर्षभर तो मला विचारत होता आणि मी त्याला माज समजत होते. तो बांबूवर आपटला आणि मी हसले.

आणि रागही येतोय, भयंकर! मला का नाही सांगितलं? मी बायको आहे ना? का नुसती कॅडी? मला सांगितलं असतं तर मी स्वतः बॅग उचलून त्याच्या पुढे पळाले असते. त्यालाही हे माहीत होतं, म्हणूनच नाही सांगितलं. कीव नको असणार. वाळू झटकत "मुद्दाम" म्हणायला तयार, पण "दिसत नाही" म्हणायला नाही! मेला कोळी, बापासारखाच.

एक वर्ष मागितलं होतं मी. आता सगळीच वर्षं माझी.

६ जानेवारी

टूरच्या ऑफिसला मी फोन केला. कार्ड परत मिळेल का? "मॅडम, पुढच्या नंबरला दिलं. फार उशीर झाला."

९ जानेवारी

विनेशला नको म्हणून कळवलं. किशोरी वैतागली. "नवऱ्याने तुला पाडलं तर रडत येऊ नकोस." त्या कोर्सवर पहिल्याच होलला डावीकडे खाडी आणि तिवरं आहेत, तिथे गेलेला बॉल गेलाच, सांभाळ, म्हणाली.

मितेशला म्हटलं, "बॅग तूच घे." त्याने मान हलवली. मला वाटलं, आता सांगेल. मी भांडी घासताना मुद्दाम वेळ काढला, दोनदा घासली. तो आला, पुसायचं फडकं घेतलं, एकेक ताट पुसून ठेवलं.

१५ जानेवारी

आता सरावात बॉल कुठे गेला ते मीच आधी बोलते. मोठ्याने, स्वतःशी बोलल्यासारखं. "अरे, उजवीकडे गेला वाटतं!" बंकर आला की त्या बाजूने मी चालते. पेला ताटाच्या डावीकडे नाही, समोर ठेवते. सासूबाई बघतात सगळं. आज मला भाजलेला बांगडा आधी वाढला, त्याच्या आधी.

सांगत नाही तो. मीही विचारत नाही. दोघं एकमेकांना मूर्ख समजत जगतोय.

२१ जानेवारी, मंगळवार

पात्रता फेरी. पहिला होल, पहिला ड्राइव्ह. हात घट्ट झाले होते माझे. स्टिकला बॉल लागला तेव्हाच कळलं.

मागून त्याचा आवाज आला, "कुठे गेला गं?"

"मधोमध," मी म्हटलं.

"क्या बात है!" म्हणाला, आणि हसत बॅग खांद्यावर घेतली. महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

बॉल तिवरांत होता.