वडिलांच्या कवळीची केस पूर्ण धरण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
दंतवैद्यक महाविद्यालय

विषय: वडिलांना बसवलेली कवळी माझ्या कोट्यात धरून मला अंतिम परीक्षेस बसू देण्याबाबत.
संदर्भ: कवळी विभागाची दि. ९ ची नोटीस.

महोदय,

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. परीक्षेस बसण्यासाठी पाच पूर्ण कवळ्या बसवाव्या लागतात. माझ्या चार झाल्या आहेत. पाचवी माझ्या वडिलांची.

वडिलांचे उरलेले अकरा दात मीच काढले. ते अकराही माझ्या दात काढण्याच्या कोट्यात जमा झाले. रुग्ण घरचा आहे, अशी हरकत तेव्हा कोणी घेतली नाही. त्यानंतर आठ महिने ते पातळ जेवले आणि माझ्या वेळापत्रकाप्रमाणे सात वेळा खुर्चीत येऊन बसले. बाकावरच्या इतर रुग्णांना सांगत, "डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत, पण काही उपयोग नाही, रांग मोडत नाहीत."

आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याचा तीन रकान्यांचा समतोल तक्ता असतो: अभ्यास, प्रात्यक्षिक, सामाजिक जीवन. माझा तिसरा रकाना चार महिने कोरा होता. मार्गदर्शक मॅडमनी बोलावून बजावले, "दात आणि पुस्तकं, पुस्तकं आणि दात! जरा माणसांत मिसळ, नाहीतर शेरा वाईट देईन." म्हणून कवळी तयार असूनही ती बसवण्याची गुरुवारची तारीख मी सोमवारवर ढकलली आणि वर्गाबरोबर तलावावर सहलीला गेले. वडील फोनवर म्हणाले, "जा गं, मजा कर. माझे दात कुठे पळतायत? पळायचे ते कधीच पळाले." शनिवारी संध्याकाळी ते हृदयविकाराने गेले.

रविवारी सकाळी मी विभागाच्या कपाटातून कवळी नेली. परवानगी घेतली नाही, हे खरे आहे. अंत्यविधीपूर्वी ती बसवली. जबडा ताठला होता, त्यामुळे वेळ लागला. कड कुठेही घासावी लागली नाही. गाल भरून आले. आई म्हणाली, "आता कसे आपले दिसतायत."

नियमानुसार रुग्णाची सही आणि चोवीस तासांनंतरची फेरतपासणी झाल्याशिवाय केस पूर्ण होत नाही, आणि सही होईपर्यंत कवळी महाविद्यालयाची मालमत्ता राहते. म्हणून नोटिशीत ती परत मागितली आहे. केस नव्याने करावी, असेही म्हटले आहे. विभागातल्या लिपिककाकांनी आपुलकीने विचारले, "घरात आणखी कोणी बिनदाताचं नाही का? आई वगैरे?" आईचे दात शाबूत आहेत.

माझी पाच दिवसांची गैरहजेरी तिसऱ्या रकान्यात "नातेवाइकांच्या भेटीगाठी" म्हणून नोंदली गेली आहे. शेरा आहे: "समतोल उत्तम. अशीच प्रगती राहो." त्याबद्दल माझी तक्रार नाही. कवळीबद्दल रुग्णाचीही आलेली नाही.

तरी ही केस पूर्ण धरावी, एवढीच विनंती.

निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
हजेरी क्रमांक ३७
दि. १४

सोबत:
१. केसचा कागद (रुग्णाच्या सहीची जागा कोरी)
२. मृत्यूचा दाखला
३. समतोल तक्ता
४. नोटिशीत मागितलेली कवळी जोडलेली नाही. ती रुग्णाकडे आहे.