बिनझाकणाचं भांडं

४ फेब्रुवारी
ताईला तिच्या राखेसाठी भांडं हवंय. मी लेथवर लाकडातून कातलेलं. चहा पिता-पिता सांगितलं, जणू मोजे विणून मागतेय.

"दुकानातली नकोत. चषकासारखी दिसतात. मी कधी शर्यत जिंकलेय?"

डॉक्टर तिच्याशी बोललाच नाही म्हणे. तिच्या डोक्यावरून भाच्याशी बोलला. आजार हिचा, पोट हिचं, आणि ऐकायचं मुलानं! भाचा विमान पकडून परत गेला, ही माझ्याकडे राहायला आली. आठवडे की महिने, कुणी सांगत नाही.

५ फेब्रुवारी
नाही करणार.

७ फेब्रुवारी
करणार. तिनं लाकूड परस्पर निवडलं. रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडाची गाठ — बुंध्यावर फोडासारखी वाढलेली, मी उचलून आणलेली. आत रेषा भोवऱ्यासारख्या फिरतात. बाहेरची साल शाबूत आहे. ती काठाला तशीच ठेवायची, म्हणजे तोंड डोंगराच्या रांगेसारखं वरखाली. त्यावर झाकण बसत नाही. हे तिला सांगितलं.

"झाकण कशाला? मी काय पळून जाणार आहे?"

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हा दोघींना उलट बोलू नये असं शिकवलं होतं. त्यांचा वेळ फुकट गेला.

११ फेब्रुवारी
भांडण. लाकूड ओलं आहे. नीट पद्धत अशी — आधी जाड भिंत ठेवून कातायचं, त्याच्याच भुशात कागदी पिशवीत भरून सावकाश वाळवायचं, वजन उतरायचं थांबलं की परत लेथवर चढवून पातळ करायचं. यात वर्षही जातं.

ताईचं मत — ओलंच पातळ कात, वाकलं तर वाकू दे.

तसंही करतात, खोटं कशाला बोलू. पण मी करत नाही. ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेला, 'वाकू दे' म्हणून सही कधी केली नाही.

"माझ्याकडे वर्ष नाही," ती म्हणाली.

"ते तुझं तू बघ. माझं लाकूड वाळेपर्यंत थांबावं लागेल."

बोलून गेले. ती खोकला येईपर्यंत हसली.

१५ फेब्रुवारी
आज कातलं. ओल्या लाकडाचे तुषार चष्म्यावर. बाहेरचा आकार सोपा. आत पोखरताना मात्र हत्याराचं टोक दिसत नाही, सगळं आवाजावर. काठाशी साल असेल तिथेच हत्यार लाकडाला लागतं, मधे नुसती हवा — टक-टक-टक, दातखीळ बसेल असं. एका जागी साल सुटली. लेथ थांबवून चिकटवली.

ताई दारात खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून बसली होती. "शिव्या कुणाला देतेयस? मला की झाडाला?"

भिंत अंगठ्याएवढी जाड राहिली. भुशात भरून ठेवलं.

२२ फेब्रुवारी
वजन करायचं काम ताईनं स्वतःकडे घेतलंय. सकाळच्या गोळ्या झाल्या की भांडं पिशवीतून काढते, भुसा झटकते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते आणि आकडा मोठ्यानं सांगते.

"पोरगी बारीक होतेय."

ताईही होतेय. त्यावर आम्ही बोलत नाही.

१८ मार्च
झपाट्यानं उतरतंय. इतकं लवकर नको होतं. मागच्या खोलीचा पत्रा तापतो, खोली भट्टी होते. ताईला म्हटलं, "या वेगानं उन्हाळ्यातच वाळेल. तुझंच खरं होणार."

तिनं रेडिओ मोठा केला.

९ एप्रिल
वजन अडलं. दोन दिवस उतरतं, तिसऱ्या दिवशी चढतं. काटा बदलला. तरी तेच. ज्याच्याकडे मी कातकाम शिकले त्याला फोन केला. म्हणे, "बाई, खोली दमट असेल तुमची."

माझी खोली दमट! भिंतीला हात लावला तर तहान लागेल अशी आहे.

२६ एप्रिल
डॉक्टरकडे. या खेपेला तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलला. "बऱ्याच टिकल्या हो."

म्हटलं, "टिकायला ती काय बॅटरी आहे? समोर बसलीय. तिला सांगा."

सांगितलं बिचाऱ्यानं. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला घाई नाही. हिचं लाकूड वाळत नाहीये."

परतताना गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. वजन जाणवलंच नाही.

३ मे
भुशाला पांढरी बुरशी! आयुष्यात असं लाकूड पाहिलं नाही. भांडं पुसलं, भुसा बदलला, तोंडाला येईल ते बोलले.

ताई पलंगावरूनच, "ओरडू नकोस त्याच्यावर. वाळेल त्याचं ते."

८ मे
दुपारी ताईचा डोळा लागला असेल म्हणून पाय न वाजवता मागच्या खोलीकडे गेले. ताई तिथे होती. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात इस्त्रीच्या वेळी पाणी शिंपडायची बाटली. पिशवीचं तोंड उघडं. भुशावर पाणी मारत होती — सावकाश, कुठलाही कोपरा न सोडता.

तिनं मला पाहिलं नाही. तशीच मागे फिरले.

संध्याकाळी बाटली रिकामी दिसली. भरून ठेवली.