काचेच्या कौलाखालचे सात अननस

मी, रुक्मा महाबळेश्वर मिराशी, वय सदुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार कुंभारवाडा, तालुका जोयडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पोट ठिकाणावर नाही, हेही त्याच दाखल्यात आहे. दोन महिने सांगितले आहेत. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडले असेल तर माझ्याच जिभेने.

१. कौलारू घर व परडे माझी सून वैष्णवी हिला द्यावे. ती तीन वर्षांपासून रामनगरला शिवणकाम करून राहते. माझा फोन उचलत नाही.

२. भाताचे शेत मुलगा योगेश याला. घरात त्याला हिस्सा नाही. बायको पिशवी भरत होती तेव्हा तो अंगणात मोटरसायकल पुसत बसला होता. मोटरसायकल आधीच स्वच्छ होती.

३. पितळी हंडा नणंद बाळी हिला. वैष्णवीला ‘वांझ हाताची’ पहिल्यांदा बाळी म्हणाली. मी तो शब्द उसना घेतला आणि रोज वापरला. हंडा घासताना तिला एवढे आठवले तरी पुरे.

४. अननस. रंगाच्या जुन्या डब्यांत सात झाडे आहेत, स्वयंपाकघरात, काचेच्या कौलाखाली. बाहेर लावले तर रानडुकरे ठेवत नाहीत, म्हणून सासूबाईंच्या वेळेपासून ती घरातच. आमच्या घरची रीत अशी की पिकलेला अननस सासूने कापायचा, शेंडा सुनेच्या हातात द्यायचा आणि तिने तो नव्या डब्यात लावायचा.

वैष्णवी लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिच्या नावावर गॅस आला आणि चूल विझली. पुढे ती घरात होती ती चार वर्षे एकाही झाडाला फूल आले नाही. तिचीही कूस उजवली नाही. मी दोन्ही गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या.

“तुझं पाऊल पडलं आनि झाडं वांझ झाली,” मी म्हणायची.

“आत्ती, त्येला काय पायजे ते कुनाला तरी इचारा की. माझ्या तोंडाकडं काय बघताय?”

“मला शिकवतीस? हात लावू नको त्येला!”

ती गेली त्या सकाळी सातही डब्यांना पाणी घालून गेली. तेव्हाही मी ओरडले, हात लावू नको. ती गेल्यावरही झाडे तशीच राहिली.

गेल्या श्रावणात रस्ता खचला. चाळीस दिवस सिलिंडर आला नाही. मी चूल पेटवली. दसऱ्याला तीन झाडांच्या पोटात लाल कोंब दिसले. बागायत खात्याचा माणूस पाहून हसला. “आजी, धुरानं अननसाला फूल धरतं. गॅसवर कसं धरनार?”

त्या दिवशी चुलीवरचा भात करपला. मी उठले नाही.

तीनपैकी दोन फळे उंदरांनी खाल्ली. एक राहिले आहे, अजून हिरवे. चैत्राअखेर पिकेल. मी असेन की नाही, ठाऊक नाही. मी नसले तर ते वैष्णवीनेच कापावे आणि शेंडा तिनेच लावावा. ती आली नाही तर डब्यातच कुजू द्यावे. योगेशने सुरी लावली तर कलम दोन रद्द समजावे.

५. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहत ठेवू नये. मूळ कागद अंगणवाडीतल्या पूर्णिमाच्या पेटीत राहील. नक्कल शेजारच्या लखूने उद्याच्या बसने रामनगरला न्यावी. तो आता समोरच बसला आहे.

“काकी, तिनं दार न्हाई उघडलं तर?”

“तर दारात बस.”

“आनि परतीची बस?”

“चुकू दे.”

वैष्णवी, घर तुझेच आहे, तू आलीस तरी आणि न आलीस तरी. माफी कागदावर मागून भागत नाही, हे मला कळते. तोंडाने मागायची आहे, आणि तोंड दोनच महिने आहे. आलीस तर ही नक्कल तुझ्या हाताने चुलीत घाल. चार झाडांना अजून फूल धरायचे आहे.

रुक्मा महाबळेश्वर मिराशी (सही)

साक्षीदार:
१. पूर्णिमा गावडा, अंगणवाडी सेविका (सही)
२. लखू वेळीप, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

कुंभारवाडा, १२ मार्च २०२५